ख्रिस्ती मतदाराची जबाबदारी: नेता निवडताना आणि निवडून दिल्यानंतर (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

निवडणूक जाहीर झाली की रविवारच्या उपासनेनंतर चर्चच्या आवारात ज्या गप्पा रंगतात, त्यांत तेच ते प्रश्न दर वेळी निघतात. काही मोठ्याने विचारले जातात, तर पैशाविषयीचे कुजबुजत विचारले जातात. महाराष्ट्रातील मराठी ख्रिस्ती मतदार, मग तो कॅथलिक असो, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा असो, साल्व्हेशन आर्मीचा असो की एखाद्या स्वतंत्र मंडळीचा, डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरे लिहिली आहेत. कोणत्या पक्षाला मत द्यावे याचे उत्तर येथे मिळणार नाही.

प्रश्न: आपले नागरिकत्व स्वर्गात आहे असे पवित्र शास्त्र सांगते. मग आपण मतदानाच्या भानगडीत का पडावे?

हे वचन फिलिप्पैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आहे. ज्या फिलिप्पै शहरातील मंडळीला पौलाने ते लिहिले, त्याच शहरात त्याला चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात टाकले होते, आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप निघून जाण्यास सांगितल्यावर त्याने ‘आम्ही रोमन नागरिक आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावे’ असे ठणकावले होते (प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६). पुढे त्याने थेट कैसराकडे दाद मागितली. म्हणजे स्वर्गीय नागरिकत्वाची शिकवण देणाऱ्या माणसाने पृथ्वीवरच्या नागरिकत्वाचा हक्क सोडून दिला नव्हता. वाचलेल्या वचनाबरोबर ते लिहिणाऱ्याचे चरित्रही वाचावे लागते.

यिर्मया संदेष्ट्याने बाबेलात धरून नेलेल्या लोकांना पत्र लिहिले तेव्हाही, ज्या नगरात तुम्ही आहात त्याचे हित साधा, असेच सांगितले, आणि ते नगर तर शत्रूचे होते. आपण येथे पाहुणे किंवा बंदिवान नसून या मातीतलेच आहोत. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात कर भरणे, मतदानाचा हक्क बजावणे आणि देशाचे रक्षण करणे ही तिन्ही कर्तव्ये एकाच परिच्छेदात (२२४०) नैतिकदृष्ट्या बंधनकारक म्हणून सांगितली आहेत. कर चुकवणे पाप मानणाऱ्याने मतदान चुकवणे ही हौसेची बाब मानू नये.

प्रश्न: राज्यात आपण एक टक्कासुद्धा नाही. आपल्या मताने काय फरक पडणार?

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एक टक्क्याच्या किंचित आत आहे. परंतु ही संख्या सर्वत्र सारखी पसरलेली नाही. वसईच्या पट्ट्यात, मुंबईच्या उपनगरांत, श्रीरामपूरच्या परिसरात ती एखाद्या प्रभागाचा किंवा ग्रामपंचायतीचा निकाल ठरवू शकते. हे झाले हिशेबाचे उत्तर, आणि ते अपुरे आहे.

दुसरे उत्तर इतिहासात आहे. १९३५ च्या भारत सरकार कायद्यानुसार भारतीय ख्रिस्ती समाजाला काही प्रांतांत स्वतंत्र मतदारसंघ होते, तेथे ख्रिस्ती मतदार ख्रिस्ती प्रतिनिधी निवडत असे. स्वतंत्र भारताच्या संविधान सभेत हा प्रश्न पुन्हा आला. तेव्हा सभेचे उपाध्यक्ष आणि अल्पसंख्याकविषयक उपसमितीचे अध्यक्ष असलेले हरेंद्रकुमार मुखर्जी हे स्वतः बंगाली ख्रिस्ती होते, आणि धर्माच्या आधारावर राखीव जागा नकोत, या मताचे होते. १९४९ च्या मे महिन्यात संविधान सभेने त्या राखीव जागा वगळण्याचा निर्णय घेतला. त्या पिढीने शेजाऱ्याच्या रांगेत उभे राहून मत देणे पत्करले, ते आपली संख्या किती कमी आहे याची पूर्ण कल्पना असताना.

अशा विश्वासाची उदाहरणे त्याआधीही दिसली आणि नंतरही. माझगावच्या माथारपाखाडीचे जोसेफ बाप्तिस्ता, ज्यांना मुंबई ‘काका’ म्हणत असे, ते टिळकांच्या होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष होते आणि पुढे मुंबईचे महापौर झाले. १९६७ साली दक्षिण मुंबईतून काँग्रेसचे बलाढ्य नेते स. का. पाटील यांना हरवणारे जॉर्ज फर्नांडिस ख्रिस्ती कुटुंबात जन्मले होते, पण त्यांना निवडून दिले ते सर्व धर्मांच्या मुंबईकरांनी. ज्यांना शेजाऱ्यांची मते मिळाली, त्यांच्या समाजाने आपलेही मत शेजाऱ्याच्या हिताकडे पाहून द्यावे, ही अपेक्षा रास्तच आहे.

प्रश्न: उमेदवारामध्ये नेमके काय पाहावे?

इथ्रोने आपल्या जावयाला, म्हणजे मोशेला, दिलेला सल्ला (निर्गम १८:२१) आजही पुरेसा आहे: माणसे कर्तबगार असावीत, देवाचे भय बाळगणारी असावीत, खरेपणाची चाड असलेली असावीत आणि त्यांना लाचेचा तिटकारा असावा. यात भाषणकलेचा उल्लेख नाही. आपल्याकडे मात्र चौथी अट हल्ली चैनीची मानली जाते. ‘खातो, पण कामे करतो’ हे वाक्य आपल्या समाजातही प्रशंसेच्या सुरात उच्चारले जाते, तेव्हा इथ्रोने चार गुणांतील एकावर दुसऱ्याचा उतारा सांगितलेला नव्हता, हे आठवावे.

यासाठी साधन उपलब्ध आहे. उमेदवारी अर्जासोबत प्रत्येक उमेदवाराला शपथपत्र द्यावे लागते. त्यात प्रलंबित व सिद्ध झालेले गुन्हे, स्वतःची व कुटुंबीयांची मालमत्ता, कर्जे, शासकीय थकबाकी आणि शिक्षण यांची माहिती असते, आणि ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येते. लोकसभा-विधानसभेच्या उमेदवारांवर गुन्हे नोंद असतील, तर ते वृत्तपत्रांत व दूरचित्रवाणीवर तीनदा जाहीर करणे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालापासून बंधनकारक आहे. गुन्ह्याची नोंद दिसली म्हणून माणूस लगेच बाद ठरत नाही. पाण्यासाठी रास्ता रोको केल्याचा गुन्हा आणि खंडणीचा गुन्हा यांतील फरक कलम वाचल्यावर कळतो, आणि तेवढे कष्ट घेणे हीच मतदाराची जबाबदारी आहे. तरुण संघाने एखाद्या संध्याकाळी आपल्या मतदारसंघातील सर्व उमेदवारांची शपथपत्रे एकत्र बसून वाचावीत. सर्वांची, एकाचीच नव्हे.

आणखी एक गोष्ट शास्ते या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात आहे. झाडे राजा निवडायला निघाली. जैतून, अंजीर आणि द्राक्षवेल यांनी आपापले उपयोगी काम सोडून राजपद घेण्यास नकार दिला, आणि शेवटी काटेरी झुडूप राजा व्हायला तयार झाले. ही गोष्ट भावांना मारून राजा झालेल्या अबीमलेखाविरुद्ध सांगितलेली आहे, तरी तिच्यातला निम्मा दोष जैतुनाच्या वाट्याला येतो असे आम्हाला वाटते. आपल्यातील निवृत्त शिक्षिका, परिचारिका, बँकेतील अधिकारी ‘राजकारण आपले काम नाही’ म्हणून ग्रामपंचायतीच्या उमेदवारीलाही नकार देतात, आणि मग काट्यांची तक्रार करतात.

प्रश्न: उमेदवार ख्रिस्ती असेल, तर त्यालाच मत द्यावे का?

तो योग्य असेल तर द्यावे. केवळ ख्रिस्ती आहे म्हणून देऊ नये. यहूदा राज्यातील बहुतेक वाईट राजे दावीदाच्याच घराण्यातील होते, आणि बंदिवानांना घरी परत पाठवणारा पारसाचा राजा कोरेश परक्या धर्माचा होता. (कोरेशाचे नाव घेऊन कोणत्याही सत्ताधीशाला देवाचा अभिषिक्त ठरवण्याची अलीकडची सवय मात्र धोक्याची आहे. यशयाने ते नाव एका विशिष्ट कार्यासाठी घेतले होते.)

कायद्याची बाजूही लक्षात असावी. धर्माच्या नावाने मत मागणे हे लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२३(३) नुसार भ्रष्ट आचरण आहे. १९९० च्या सांताक्रूझ विधानसभा निवडणुकीतून उद्भवलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने २ जानेवारी २०१७ रोजी, चार विरुद्ध तीन अशा बहुमताने, ही बंदी उमेदवाराच्याच नव्हे तर मतदाराच्या धर्मालाही लागू होते असे ठरवले. ‘आपला माणूस’ ही घोषणा आपल्याला गोड लागत असेल, तर तीच घोषणा दुसऱ्या समाजाच्या तोंडून कशी ऐकू येते याचाही विचार करावा.

प्रश्न: पाळकसाहेब किंवा फादर सांगतील त्याला मत देणे बंधनकारक आहे का?

नाही. अमुक उमेदवाराला मत दिले नाही तर देवाचा कोप होईल किंवा मंडळीतून बाहेर काढले जाईल, असे सांगून उमेदवारासाठी दबाव आणणे हे लोकप्रतिनिधित्व अधिनियमानुसार गैरवाजवी दडपण ठरते. धार्मिक संस्था (गैरवापर प्रतिबंध) अधिनियम, १९८८ नुसार चर्चच्या जागेचा वापर राजकीय कार्यासाठी करता येत नाही, आणि आदर्श आचारसंहिताही प्रार्थनास्थळाला प्रचाराचे व्यासपीठ होऊ देत नाही. कॅथलिक धर्मगुरूंना तर १९८३ च्या चर्च कायद्याच्या २८५ व्या आणि २८७ व्या नियमांनी शासनसत्तेचे पद स्वीकारण्यास मनाई केली आहे आणि पक्षीय राजकारणातील सक्रिय सहभागावर निर्बंध घातले आहेत.

याचा अर्थ व्यासपीठावरून फक्त परलोकाविषयी बोलावे असा नाही. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून जमीन, पाणी आणि गुंडगिरी यांविषयी उघड भूमिका घेतली. धर्मगुरूने अन्यायाला अन्याय म्हणावे, लाचेला पाप म्हणावे, मतदानाला जा असे सांगावे. उमेदवाराचे नाव आणि निवडणूक चिन्ह तेवढे त्याच्या तोंडून येऊ नये.

प्रश्न: सगळेच पैसे वाटतात. पैसे सर्वांकडून घेतले आणि मत मनाप्रमाणे दिले, तर काय बिघडले?

हा प्रश्न सर्वांत अधिक विचारला जातो आणि ‘पैसे आपलेच आहेत, लुटलेले परत घेतो’ असे त्याचे समर्थनही ऐकू येते. प्रथम कायदा. मतासाठी लाच देणारा जसा गुन्हेगार, तसा ती स्वीकारणाराही गुन्हेगार असतो, आणि शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही अशी आहे. अनुवाद १६:१९ मध्ये लाच शहाण्यांचेही डोळे आंधळे करते असे म्हटले आहे. घेऊनही मी डोळस राहीन, असे म्हणणारा स्वतःला त्या शहाण्यांपेक्षा वरचढ समजतो.

व्यवहारात होते ते वेगळेच. खाल्ल्या मिठाला जागण्याचे आपल्यावरचे संस्कार इतके खोल आहेत की, पाकीट घेतलेला माणूस मतदान यंत्रासमोर मोकळा राहत नाही. हे वाटणाऱ्याला पक्के ठाऊक असते, म्हणून तर तो गुप्त मतदानातही पैसे गुंतवतो. आणि पाच वर्षांनी रस्त्याविषयी विचारायला गेल्यावर ‘तेव्हाच हिशेब चुकता केला’ हे उत्तर ऐकावे लागते.

काही ठिकाणी पैसे देताना शपथ घ्यायला लावतात. कोणाच्या हातावर भंडारा ठेवतात, ख्रिस्ती घरात बायबलावर हात ठेवायला सांगतात. साध्या, भाविक माणसाला मग त्या शपथेचे भय वाटते: पैसे घेतले हे चूक झाले, पण आता शपथ मोडली तर आणखी पाप लागेल का? येथे हेरोद राजाची गोष्ट लावून पाहावी. त्याने भर पंगतीत मुलीला शब्द दिला, आणि शब्द मोडू नये म्हणून बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा शिरच्छेद करवला. हेरोदाने शपथ पाळली म्हणून शुभवर्तमानाने त्याचे कौतुक केलेले नाही. चुकीच्या कृत्यासाठी घेतलेली शपथ पाळणे हे दुसरे चुकीचे कृत्य ठरते. अशा माणसाने पैसे परत करावेत, ते शक्य नसेल तर आपल्या पाळकांजवळ किंवा धर्मगुरूंजवळ मन मोकळे करावे, आणि मत विवेकानेच द्यावे. ज्याने गरिबीमुळे पाचशेची नोट घेतली त्याला चर्चच्या पंचांनी झापण्याआधी, तो महिना त्याच्या घरी कसा गेला हे मंडळीने विचारले होते का, हेही पाहावे.

घेतलेले पैसे दानपिशवीत टाकले की शुद्ध होतात, अशीही समजूत आहे. यहूदाने परत फेकलेली तीस रुपयांची रक्कम देवाच्या भांडारात टाकणे योग्य नाही, एवढे तर त्या मुख्य याजकांनाही कळत होते.

लाच व्यक्तीलाच दिली जाते असेही नाही. ‘दफनभूमीला कुंपण घालून देतो’, ‘चर्चला साउंड सिस्टीम देतो’, ‘सर्व खुर्च्या आमच्याकडून’, ही आश्वासने निवडणुकीच्या महिन्यात येतात आणि पंच कमिटीत कोणाला गैर वाटत नाहीत, कारण लाभ मंडळीचा असतो. आमदार निधीतून रीतसर मंजुरी घेऊन केलेले काम वेगळे, आणि मतांसाठी खाजगी खिशातून आलेली देणगी वेगळी. दुसरीला नम्रपणे नकार द्यावा. जाता जाता एक कटू गोष्ट: मंडळीच्या स्वतःच्या निवडणुकीत जेवणावळी घालून मते जमवणारे लोक आम्ही पाहिले आहेत. ज्यांनी पंच कमिटीची निवडणूक स्वच्छ ठेवली नाही, त्यांनी विधानसभेच्या निवडणुकीवर प्रवचन देऊ नये.

प्रश्न: एकही उमेदवार पटत नसेल तर? ‘नोटा’ दाबणे योग्य आहे का?

सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३ च्या निकालानंतर हा पर्याय मिळाला. लोकसभा व विधानसभेत ‘नोटा’ला कितीही मते पडली तरी उमेदवारांपैकी ज्याला सर्वाधिक मते मिळतील तोच निवडून येतो. २०१९ मध्ये लातूर ग्रामीणमध्ये २७ हजारांहून अधिक मते घेऊन ‘नोटा’ दुसऱ्या क्रमांकावर होता. निकालावर त्याचा परिणाम झाला नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांपुरता मात्र राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये, ‘नोटा’ला सर्वाधिक मते मिळाल्यास फेरनिवडणूक घेण्याचा निर्णय केला.

आमचे मत असे की, ‘नोटा’ हा विवेकाने वापरण्याचा पर्याय आहे, आळसाने नव्हे. बहुतेक वेळा दगडापेक्षा वीट मऊ असते आणि ती कोणती हे शोधून मत दिल्याने कोणी विटेचा भक्त होत नाही. निष्कलंक उमेदवारासाठी अडून बसणाऱ्याला निष्कलंक मतदार कोठे सापडतो हेही सांगावे लागेल.

प्रश्न: आपल्या समाजाचे प्रश्न पाहून मत देणे हा स्वार्थ आहे का?

नाही, परंतु कोणता प्रश्न कोणाच्या हातात आहे याची जाण हवी. दफनभूमीची जागा हा ग्रामपंचायत, नगरपरिषद किंवा महापालिकेचा विषय आहे. सातबाऱ्यावरील नोंदी राज्याच्या महसूल खात्याकडे असतात. ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातीचा दर्जा देण्याचा प्रश्न संसदेचा आहे, कारण १९५० च्या राष्ट्रपती आदेशाने तो आरंभी मुख्यतः हिंदूंपुरता ठेवला, पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेर राहिले. नगरसेवकाकडून या प्रश्नाचे आश्वासन घेणे म्हणजे तलाठ्याकडून विमानतळ मागणे होय.

या आदेशाचा मतदाराला बसणारा चटका अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात स्पष्ट दिसतो. हरेगावच्या मतमाउलीचे (मरियामातेचे) तीर्थस्थान ज्या तालुक्यात आहे त्या श्रीरामपूरचा विधानसभा मतदारसंघ आणि शिर्डी लोकसभा मतदारसंघ, दोन्ही अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. तेथील दलित पार्श्वभूमीचा ख्रिस्ती मतदार मत देऊ शकतो, पण उघडपणे ख्रिस्ती राहून त्या जागेवर उभा राहू शकत नाही. त्यामुळे तेथे मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला याविषयीची त्याच्या पक्षाची भूमिका विचारणे हा स्वार्थ नसून न्यायाची मागणी आहे. मात्र त्याच बैठकीत शेजारच्या वस्तीच्या पाण्याचा प्रश्नही आपण विचारला, तर आपली मागणी ऐकणाऱ्याला अधिक खरी वाटते.

प्रश्न: रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात अधिकाऱ्यांच्या अधीन राहण्यास सांगितले आहे. मग नेत्यावर टीका करणे पाप नाही का?

त्याच अध्यायात अधिकारी हा ‘तुझ्या हितासाठी’ देवाचा सेवक आहे असेही म्हटले आहे. सेवकाला त्याच्या सेवेविषयी विचारणे हा बंडखोरपणा नव्हे. नाथान संदेष्ट्याने दावीदाला तोंडावर ‘तो मनुष्य तूच आहेस’ असे सांगितले, आणि नाबोथाचा द्राक्षमळा बळकावणाऱ्या अहाबाला एलीयाने त्या मळ्यातच गाठले. प्रेषित पेत्राने तर न्यायसभेसमोरच, मनुष्यांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे, असे सांगितले.

शिवाय भारतात सर्वोच्च अधिकार संविधानाचा आहे, कोणा एका व्यक्तीचा नाही. ‘अधीन राहणे’ याचा आपल्यासाठी अर्थ कायदा पाळणे, कर भरणे, न्यायालयाचा निर्णय मानणे, आणि त्याच कायद्याने दिलेली साधने, म्हणजे ग्रामसभा, माहितीचा अधिकार आणि निवेदन, वापरणे असा होतो.

टीकेबरोबर प्रार्थना मात्र सोडता येत नाही. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात राजे व अधिकारी यांच्यासाठी प्रार्थना करण्यास सांगितले, तेव्हा गादीवर कोणी सज्जन बसलेला नव्हता. आपण ज्याला मत दिले नाही त्या आमदारासाठी नाव घेऊन प्रार्थना करणे आपल्याला जड जात असेल, तर त्या प्रार्थनेची गरज आपल्यालाच अधिक आहे.

प्रश्न: नाताळच्या कार्यक्रमात नेत्यांना बोलावून शाल-श्रीफळ द्यावे का?

आदरातिथ्य करावे, सण सर्वांचा आहे. पण उपासना संपल्यावर, सभागृहात, आणि सत्तेतील व विरोधातील लोकांना एकाच मानाने. वेदीसमोर माइक कोणाच्याही हाती देऊ नये. ज्या नेत्याचा आपण सलग चार नाताळ सत्कार केला, त्याला पाचव्या वर्षी दफनभूमीविषयी जाब विचारताना जीभ अडखळते, हा अनुभव अनेक मंडळ्यांना आहे.

प्रश्न: उमेदवाराविषयी आलेले संदेश पुढे पाठवावेत का?

स्वतः खात्री केलेली माहिती असेल तरच. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा (प्रोटेस्टंट गणनेत नववी, कॅथलिक गणनेत आठवी) व्हॉट्सअॅपलाही लागू आहे, आणि ‘आल्याप्रमाणे पुढे पाठवले’ असे खाली लिहिल्याने साक्ष दुसऱ्याची होत नाही.

प्रश्न: घरात सर्वांनी एकाच उमेदवाराला मत द्यावे का?

चर्चा एकत्र करावी, मत एकेकट्याने द्यावे. मतदान गुप्त आहे, आणि कोणाला मत दिले हे सांगण्याची सक्ती पती, वडील किंवा पंच यांपैकी कोणालाही करता येत नाही. एकाच कुटुंबातील माणसे एकाच बाकावर बसून वेगवेगळ्या पक्षांना मत देत असतील, तर प्रभुभोजनाला त्याने बाधा येत नाही.

प्रश्न: मतदान रविवारी आले तर उपासनेचे काय?

असे घडते. १८ डिसेंबर २०२२ रोजी राज्यातील हजारो ग्रामपंचायतींचे मतदान झाले, तो नाताळपूर्वीच्या आगमनकाळातला चौथा रविवार होता. त्या दिवशी उपासना सकाळी लवकर किंवा सायंकाळी ठेवावी आणि वेळ आदल्या रविवारीच जाहीर करावी. वृद्ध व आजारी सभासदांना केंद्रापर्यंत कोण सोबत नेणार याची यादी त्याच वेळी करावी, आणि ती सोबत उमेदवाराच्या गाडीतून न होता मंडळीतल्या कोणाच्या तरी रिक्षातून व्हावी.